आईकडची वंशावळ

सात रस्त्याजवळच्या ज्या चाळीत माझे बालपण गेले, तिथे दिवाळीच्या दिवशी आमच्या घरी फराळाची नऊ ताटे येत. मजल्यावर खोल्या दहा. त्यांतली एक आमची, म्हणून नऊ. ताट रिकामे परत धाडायचे नाही, हा चाळीचा अलिखित कायदा होता. आमच्या घरी दिवाळी नसे. पण महिनाभर आधी आमचा नव्याचा सण होऊन गेलेला असे, आणि आईने नारळाच्या दुधात आटवलेल्या चिकाच्या हलव्याच्या वड्या नऊही घरी पोचलेल्या असत. तेव्हा दिवाळीची ताटे परत करताना चमचाभर साखर घातली तरी भागे. लालबागच्या गिरण्यांचे भोंगे ऐकत उठणारी आणि करंज्यांच्या वाट्यावरून भांडणारी आम्ही पोरे. आमच्यात कोण कुठल्या वंशाचा, हा प्रश्न कुणाला पडला नाही.

आमच्या घरात मात्र तो प्रश्न नेहमीचाच होता. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. सात रस्त्याला पूर्वी जेकब सर्कल म्हणत, त्यामुळे तो जेकब आमच्यापैकीच कुणी असावा असे अनेकांना वाटे. तसे नव्हते. तो कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी ल ग्रँड जेकब. आता त्या चौकाला संत गाडगे महाराजांचे नाव आहे, आणि ते मला अधिक आवडते. आमच्यापैकी खरे होते ते डॉ. एलिजा मोझेस, १९३७-३८ साली मुंबईचे महापौर. महालक्ष्मीहून वरळीकडे जाणाऱ्या रस्त्याला आजही त्यांचे नाव आहे. आजोबा त्यांचे नाव घेताना खुर्चीत सरळ बसत.

आजोबा रेल्वेच्या परळ वर्कशॉपात स्टोअर्सचे कारकून होते. पेन्शनीत निघाल्यावर शनिवारी संध्याकाळी गॅलरीत बसून ते आम्हां मुलांना जहाजाची गोष्ट सांगत. फार पूर्वी, दोन हजार वर्षांपूर्वी, पश्चिमेकडून एक जहाज आले. चौलच्या बंदराकडे जाताना ते अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटले. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना नवगावच्या वाळूत पुरले. ती जागा आजही दाखवतात, आणि तिथे आता स्मारक उभे आहे. पोथ्या सगळ्या पाण्यात गेल्या. आठवणीत राहिली ती देव एक आहे असे सांगणारी शेमाची प्रार्थना, शनिवारी काम न करण्याचा नेम, मुलाची सुंता, आणि खवले व पर नसलेला मासा न खाण्याची चाल. वाचलेल्यांनी तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणू लागले. ज्या गावी राहिले त्याचे आडनाव झाले. पेणकर, रोहेकर, नवगावकर, दिवेकर, किहीमकर. आडनावे ऐकून आम्हांला ज्यू कोण म्हणणार?

पुढे दाविद राहबी नावाचा एक परदेशी धर्मबंधू आला. त्याने बायकांपुढे माशांची टोपली ठेवली. त्यांनी खवले-पर असलेले मासे तेवढे निवडून वेगळे काढले, आणि त्याची खात्री पटली. हा राहबी कोणत्या शतकातला, यावर पंडितांचे एकमत नाही. माझे लक्ष मात्र त्या टोपलीकडे जाते. परीक्षा झाली ती बायकांची, चुलीपाशी बसणाऱ्यांची. ही गोष्ट पुढे लागणार आहे.

मुंबईत आमचे लोक अठराव्या शतकात येऊ लागले, बरेचसे कंपनीच्या पलटणीतून. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल इझिकिएल, हे त्यांतले सुभेदार. टिपूच्या कैदेतून ते सुटले, आणि १७९६ साली मांडवीत त्यांनी मुंबईतले पहिले सिनेगॉग बांधले. आमच्या बायका त्याला सरळ ‘मशीद’च म्हणत. आमचा पहिला मोठा इतिहास लिहिला हाईम सॅम्युएल किहीमकरांनी. ज्या शाळेतून आजची माझगावची सर एली कदुरी शाळा झाली, ती १८७५ साली सुरू करणारे तेच. ग्रंथ १८९७ साली पुरा झाला, आणि छापला गेला १९३७ साली, तोही तेल अवीवला. लेखक तोवर हयात नव्हते. मराठी माणसाच्या ग्रंथाला चाळीस वर्षे थांबावे लागले यात नवल नाही. पण तो छापायला समुद्र ओलांडावा लागला, हे विशेष.

किहीमकरांनी एक अप्रिय गोष्टही लपवली नाही. आमच्यात दोन थर होते: गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल. कातडीच्या रंगाशी त्याचा काही संबंध नव्हता. आमच्या नात्यात डांबरासारखे गोरे होते, आणि केतकीसारखे काळेही मी पाहिले आहेत. ज्यांच्या घराण्यात कधी काळी इथली, म्हणजे ज्यू नसलेली, बाई आली, त्यांचे वंशज ते काळे. त्यांच्याशी सोयरीक नाही. जुन्या काळी पंगतही नाही. उरलेले सगळे गोरे, थेट सात जोडप्यांचे वंशज. आजोबा अर्थातच गोरे.

माझी धाकटी आत्या १९३८ साली वीस वर्षांची होती. नर्सिंग शिकत होती. उमरखाडीच्या एका मुलाने तिला मागणी घातली. छापखान्यात कंपोझिटर, निर्व्यसनी, पेटी उत्तम वाजवणारा. आजोबांना मुलगा पसंत होता. मग कुणीतरी येऊन कानाशी लागले की मुलाच्या बापाची आजी ‘तशी’ होती. बस. मागणी परत गेली. आत्याने पुढे लग्न केले नाही. तीस वर्षे तिने इस्पितळात पांढरा पोशाख घातला, आम्हां भावंडांची सगळी गोवर-कांजण्या तिने काढल्या, आणि उमरखाडीचे नाव तिच्यासमोर कुणी काढले नाही. हे मला मोठेपणी आईने सांगितले, तेही दार लावून.

आता १९६२ साल. मी चौदा वर्षांचा होतो. स्वातंत्र्याच्या सुमाराला भारतात आमचे लोक वीस हजारांच्या घरात होते. इस्राएल स्थापन झाल्यावर ते भराभर निघाले. आज इथे चार-पाच हजार उरले असतील. माझे थोरले काका १९५० नंतरच्या लाटेत गेले आणि दिमोनाच्या वाळवंटात स्थिरावले. त्या वर्षी त्यांच्या मुलीचे लग्न एका मोरोक्कोच्या ज्यू मुलाशी ठरले, आणि काकांचे पत्र आले. तिथल्या धर्माधिकाऱ्यांनी त्या वर्षी फर्मान काढले होते, की बेने इस्राएल माणसाचे लग्न दुसऱ्या ज्यू घराण्यात लागायचे तर त्याच्या आईची, आजीची, आणि शक्य तितके मागे जाऊन पणजी-खापरपणजीची चौकशी व्हावी. काकांनी ज्या कचेरीत अर्ज दिला, तिथून एक तक्ता मिळाला होता. त्यात मुलीच्या दोन्ही आज्यांची आईकडची वंशावळ भरायची होती.

ती दुपार मला लख्ख आठवते. आजोबांनी दौत-टाक घेतले. बापाकडची नावे विचारली असती तर त्यांनी सात पिढ्या धडाधड लिहिल्या असत्या. पण तक्ता आईकडचा होता, आणि माझी आजी वारून दहा वर्षे झाली होती. आजीचे नाव लिहिले. आजीच्या आईचे नाव लिहिले, पुढे ‘रोहे’ असे गाव. मग टाक थांबला. त्यांनी आत हाक मारली, “अगं, तुझ्या आईच्या आजीचं नाव काय?”

आत्या कामावर निघाली होती. उंबऱ्यात उभी राहून ती म्हणाली, “बाबा, मला काय ठाऊक? सगळ्यांच्या आज्या तुम्हीच मोजल्या होत्यात.”

आणि ती जिना उतरून गेली. आजोबांनी त्या घरात काही लिहिले नाही. तक्ता तसाच गेला. त्याची एक प्रत आमच्या ट्रंकेत राहिली.

तिथे आमच्या लोकांनी पुढे दोन वर्षे निदर्शने केली, जेरुसलेमला ठाण मांडून बसले, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने ठराव केला, की बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू आहेत, त्यांच्यात भेद करू नये. चुलत बहिणीचे लग्न झाले. आजोबांनी पेढे वाटले. तक्त्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

मी पुढे दादरच्या एका शाळेत इतिहास शिकवला आणि निवृत्त झालो. मग दोन वर्षांपूर्वी थोरल्या आत्याचा नातू, म्हणजे माझ्या आतेबहिणीचा मुलगा, न्यू जर्सीहून आला. त्याने खिशातून एक प्लास्टिकची नळी काढली आणि म्हणाला, “मामा, यात थुंका.” सत्तरी उलटलेल्या मास्तराला असे कुणी सांगितले नव्हते. मी थुंकलो. त्याने स्वतःची तपासणी आधीच करून घेतली होती.

या नळीचा खटाटोप थोडक्यात सांगतो. लाळेबरोबर तोंडातल्या पेशी येतात. त्यांतल्या डीएनएच्या साखळीत सहा-सात लाख ठिकाणी कोणते अक्षर आहे, ते यंत्र वाचते. ही साखळी निम्मी आईची, निम्मी बापाची, आणि दर पिढीला पत्ते पिसावेत तशी पिसली जाते. दहा पिढ्या मागे गेले की पूर्वजांची घरे १०२४ होतात, आणि त्यांतल्या कित्येकांचा आपल्यात एक तुकडाही उरत नाही. पण दोन धागे न पिसता येतात. एक बापाकडून मुलग्याकडे, थेट. दुसरा आईकडून सर्व मुलांना, आणि पुढे जातो तो फक्त मुलींमार्फत. या दुसऱ्या धाग्याने आईची आई, तिची आई, तिची आई, असे हजारो वर्षे मागे जाता येते. नाव मिळत नाही. ती कुठल्या मुलखातली, एवढे कळते.

वाचकांच्या ध्यानात आले असेल. माझ्यात माझ्या आईचा धागा आहे. आजोबांच्या तक्त्यात जे घर रिकामे राहिले, त्याचा धागा माझ्या आजीकडून दोन्ही आत्यांना गेला. धाकटीपाशी तो संपला. थोरलीकडून तिच्या मुलीला, आणि मुलीकडून या न्यू जर्सीच्या भाच्याला मिळाला. ज्या बाईचे नाव आजोबांना लिहिता आले नाही, तिची खूण याच्या लाळेत होती.

ती खूण इथली निघाली. ‘एम’ नावाची एक फार मोठी शाखा भारतभर पसरलेली आहे. तिची अशी एक फांदी, जी भारताबाहेर क्वचितच सापडते. माझ्या आईकडचा धागाही त्याच शाखेचा निघाला. बापाकडचा मात्र पश्चिम आशियातला. टक्केवारीचे एक रंगीत चक्रही अहवालासोबत होते, पण ते मी इथे देत नाही. कारण कंपनीने ते वर्षभरात दोनदा बदलले. टक्के हे तुलनेला घेतलेल्या माणसांवर अवलंबून असतात. नमुने बदलले की आपले पूर्वजही जागा बदलतात. धाग्यांचे तसे नाही.

एका घरावरून इतिहास लिहायचा नसतो, हे मी मुलांना शिकवत आलो. म्हणून छापील अभ्यास मिळवून वाचला. २००२ साली पुरुषांच्या धाग्यावरचे पहिले निष्कर्ष वर्तमानपत्रांत आले होते; मध्यपूर्वेशी नाते दाखवणारे. तेव्हा आमच्या लोकांनी ती कात्रणे अभिमानाने जपून ठेवली. २०१६ साली दुसरा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अठरा बेने इस्राएल माणसांची सबंध साखळी तपासली होती. अठरा ही संख्या थोडी, हे खरे. पण निष्कर्ष स्पष्ट होता. आमच्यात ज्यू अंश निश्चित आहे आणि भारतीय अंशही भरपूर आहे. ज्यू अंश अधिक करून पुरुषांकडून आला, भारतीय अंश अधिक करून स्त्रियांकडून. हा संगम १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी, म्हणजे सुमारे साडेसहाशे ते साडेदहाशे वर्षांपूर्वी झाला. जहाज कधी आले, हे त्यातून सिद्ध होत नाही. लग्ने कधी लागली, एवढे होते.

म्हणजे तो काळ उत्तर कोकणच्या शिलाहारांचा आणि त्यांच्या मागून आलेल्यांचा. नवगावाहून चौल दूर नाही. अरब प्रवासी मसूदी इसवी सन ९१६ च्या सुमारास चौलला आला, तेव्हा तिथे हजारो परदेशी मुसलमान व्यापारी वस्ती करून होते. आणि त्यांच्या इथे जन्मलेल्या मुलांना ‘बयासिरा’ असे वेगळे नावच पडले होते. बंदर म्हटले की हे आलेच. जहाजावर बायका थोड्या असतात. पुरुष उतरतो, वाऱ्याची वाट पाहतो, वारा फिरतो, आणि तो राहून जातो. आमचे पूर्वज याला अपवाद कसे असतील? सात पुरुषांसोबत मोजून सात बायका वाचल्या, हा हिशेब मला लहानपणीही जरा जास्तच नीट वाटे.

हे एकट्या आमचेच नाही. पारशी मंडळींवर २०१७ साली असाच अभ्यास झाला. संजाणच्या जुन्या दोखम्यातल्या अस्थीही तपासल्या. आईकडचे जवळजवळ निम्मे धागे तिथे भारतीय निघाले. आणि २०१३ साली विलायतेत बातमी फुटली, की युवराज विल्यम यांच्या आईकडच्या धाग्याचे टोक सुरतेला आहे. एलायझा केवार्क ही थिओडोर फोर्ब्स या कंपनीच्या नोकराच्या घरातली बाई, घरात आर्मेनियन म्हणून ओळखली जाणारी. तिची मुलगी कॅथरीन विलायतेला धाडली गेली. आई इथेच राहिली. फोर्ब्स पुढे मुंबईच्या पेढीत आला आणि १८२० साली घरी परतताना बोटीवरच वारला. राजवाड्यातल्या माणसाची न विचारता अशी चौकशी करावी का, म्हणून शास्त्रज्ञांतच वाद झाला. मला ती एलायझा आठवत राहते. घराण्याने तिला दोनशे वर्षे ‘आर्मेनियन’ या एका शब्दात झाकून ठेवले.

खरे सांगायचे तर आमच्या घरात पुरावा झाकलेला नव्हताच. आमच्या सणांची नावे पाहा. प्रायश्चित्ताच्या उपवासाला आम्ही दारफळणीचा सण म्हणतो. जेरुसलेमचे मंदिर पडल्याच्या शोकाचा दिवस, तो बिरड्याचा सण. कारण त्या दिवशी वालाचे बिरडे करायचे. एक खिरीचा सण आहे. एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा करतात, त्यात पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे. लग्नात मंगळसूत्र असते, मेंदी असते. प्रार्थना हिब्रू, पण तिच्याभोवतीचे सगळे, म्हणजे चूल, चव, अंगाई, मराठी. जेरुसलेमच्या शोकाला वालाचे नाव कोण देईल? वाल सोलणारी बाईच देईल. राहबीच्या टोपलीतले मासे निवडणाऱ्या बायका कदाचित याच बायकांच्या मुली होत्या. आपल्या नवऱ्यांचा धर्म त्यांनी माशांच्या खवल्यांसकट शिकून घेतला आणि शेकडो वर्षे टिकवला. आणि त्याच धर्माच्या लोकांनी पुढे त्यांच्या नावाने पंगती वेगळ्या केल्या. या बाबतीत मी आजोबांना क्षमा केलेली नाही. त्यांच्यावर माझे प्रेम होते, ही गोष्ट वेगळी.

दिमोनाच्या चुलत बहिणीला मी हे कळवले. तिला तपासणी करून घ्यायची होती. पण इस्राएलमध्ये २००० सालच्या कायद्यामुळे नातेसंबंधाची अशी तपासणी कोर्टाच्या हुकमाशिवाय करता येत नाही. ज्या देशात तिच्या आजीच्या आजीचे नाव मागितले, तिथे आता ते शोधायला मनाई. फोनवर ती खूप हसली. “बरंय,” म्हणाली, “नाहीतर पुन्हा तक्ता आला असता.”

या तपासणीबरोबर एक यादीही मिळते. ज्यांची साखळी आपल्याशी जुळते, अशा माणसांची. पिढ्यान्‌पिढ्या आपापसांत लग्ने केलेल्या आमच्यासारख्या लहान समाजात ही यादी लांबच लांब असते. जो तो कुणाचा तरी लांबचा भाऊ निघतो. गेल्या पावसाळ्यात भाच्याने ती फोनवर वाचून दाखवली. गोरे-काळे असा रकाना अर्थातच तिच्यात नव्हता. मधेच त्याने टोरांटोच्या एका मुलीचे आडनाव वाचले आणि मी त्याला थांबवले. आजोबा कोण, विचारायला सांगितले. चार दिवसांनी उत्तर आले: मुंबईला, उमरखाडीला राहत, छापखान्यात होते, पेटी वाजवत.

तिचा-माझा फोन झाला तेव्हा तिकडे सकाळ होती. मराठी ती अडखळत बोलते, पण बोलते. आपल्याला लांबचा का होईना एक मामा मुंबईत आहे, याचाच तिला आनंद. मी १९३८ ची हकीकत सांगितली. तक्त्याचीही सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, आजोबांनी पुढे लग्न केले ते बऱ्याच उशिरा. पण याविषयी ते कधी बोलले नव्हते.

“आमच्याकडेही कुणी बोललं नाही,” मी म्हटलं.

“त्यांचं नाव काय होतं?” तिने विचारले.

मी आत्याचे नाव सांगितले. तिने ते दोनदा म्हणून पाहिले, आणि कसे लिहायचे ते विचारून घेतले.